वावरासाठी घेतलेला मोठा सुरा आणि त्याचं म्यान : पहिले तीन आठवडे

धागाकर्ता : धुऱ्यावरची_बाभूळ (पांढरकवडा)

नमस्कार मंडळी,

आमचं वावर पांढरकवड्याच्या बाजूला, टिपेश्वर अभयारण्याच्या जंगलापासून फार दूर नाही. सात एकर, कपाशी आणि तूर. रात्री रोही (नीलगायी) आणि डुकरं येतात, म्हणून दरवर्षी मे महिन्यात धुरे साफ करून बोराटीचं कुंपण नव्यानं घालावंच लागतं. आजवर हे सगळं कुऱ्हाड आणि इळा या दोनच अवजारांवर चालायचं. कुऱ्हाड मनगटाएवढ्या फांदीला उत्तम, पण अंगठ्याएवढ्या काटेरी फोकावर ती चालवायची म्हणजे ताकद वाया, आणि नेम चुकला तर पात्याखाली गोटा. इळा गवताला आणि कोवळ्या काडीला. मधलं जे येतं, बोर, घाणेरी, वेडी बाभूळ, पळसाचे फुटवे, त्यासाठी घरात हत्यारच नव्हतं. यंदा ऑनलाइन एक मोठा सुरा मागवला, म्यानासकट १,८५० रुपयांना. तीन आठवडे वापरला, म्हणून सविस्तर लिहितो. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण एका नगावरून कोणाला बरं-वाईट म्हणणं मला पटत नाही.

आधी मापं, मी स्वतः घेतलेली. पातं १० इंच. पोटाशी, म्हणजे सर्वांत रुंद जागी, सव्वादोन इंच. पाठीची जाडी ५ मिलिमीटर, आणि ती टोकापर्यंत जवळपास तेवढीच राहते. वजन किराणा दुकानाच्या काट्यावर ६४० ग्रॅम, म्यानात घालून ८१०. पात्यावर १०७५ असा आकडा कोरलाय. म्हणजे साधारण पाऊण टक्का कार्बन असलेलं साधं पोलाद, गंज धरणारं पण धारही चांगली धरणारं. मूठ काळ्या रबराची, आतून पोलाद शेवटपर्यंत गेलेलं, तीन रिबिटा. बोटावर तोलला तर तोल मुठीच्या पुढं दोन इंचांवर येतो. हातात घेतल्यावर पुढं ओढ जाणवते, आणि तोडायच्या हत्याराला ती हवीच.

पहिल्या दिवशी निराशा झाली. दोन बोटं जाडीच्या बोराच्या फांदीवर मारला तर पातं अर्धा इंच आत गेलं आणि अडकलं. ओढून काढलं, पुन्हा मारलं, तर उसळून बाजूला गेलं. घरी येऊन पात्याकडं नीट पाहिलं तेव्हा कारण कळलं. धार होती, कागद कापत होती, पण धारेच्या लगेच मागं पातं एकदम जाड होत होतं, खांदा काढल्यासारखं. धार लाकडात शिरायची आणि खांदा तिला तिथंच अडवायचा. वरून काळा लेप, तो ओल्या सालीला धरून बसायचा.

रात्री ओसरीत बसलो, पातं फळीवर दाबून धरलं आणि आठ इंची कानशीनं तो खांदा उतरवला. पोटाकडं जास्त, मुठीजवळ कमी. दीड तास लागला. नंतर सानेवर पाणी टाकून एका बाजूनं घासत राहिलो, पलीकडं नखाला अडकणारी बारीक कड उठेपर्यंत, मग दुसऱ्या बाजूनं. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर ती कड मोडून काढली.

दुसऱ्या दिवशी तेच बोर, तीच जाडी. डाव्या हातात बेचक्याची काठी, तिनं फांदी ताणून धरली, आणि उजव्या हातानं बुडाशी तिरका घाव घातला. एका घावात फांदी काठीवर आली. कापलेली जागा इतकी गुळगुळीत की पाण्याचा थेंब टेकला असता. काटे हाताला लागलेच नाहीत, कारण हात फांदीजवळ गेलाच नाही. आमच्याकडे बरीच वर्षं काम करणारे काका बाजूला उभे होते. त्यांनी सुरा मागून घेतला, चार फांद्या तोडल्या आणि म्हणाले, "हे तं कुऱ्हाडही नाही न् इळाही नाही. पण बोराटीले हेच पाह्यजे होतं."

तेव्हापासून दोनशे-अडीचशे हात कुंपण झालं. जमलं ते असं : बोर, घाणेरी, वेडी बाभूळ दोन बोटांपर्यंत, वाळकी तुराटी, पऱ्हाटीचे ढीग आखूड करणं, सरपणाच्या काटक्या. जमलं नाही ते : वाळलेली बाभूळ. तिच्यावर मारला तर मनगटापर्यंत झिणझिण्या येतात आणि धार एका जागी किंचित वळलीसुद्धा. तिथं कुऱ्हाडच.

मे महिन्यात एक गोष्ट मात्र फार जाणवली. अकराच्या उन्हात सुरा धुऱ्यावर ठेवून पाणी प्यायला गेलो. दहा मिनिटांत काळं पातं आणि काळी मूठ अशी तापली की हात लावता येईना. आता तो सावलीत, नाहीतर ओल्या पोत्याखाली ठेवतो.

आता म्यान. खरं सांगायचं तर धागा त्याच्यासाठीच काढलाय.

म्यान दुहेरी नायलॉन कापडाचं, आत एका बाजूला प्लास्टिकची पातळ पट्टी, वर बटणाचा पट्टा, मागं कमरपट्ट्यासाठी घर. पहिल्या नजरेत भक्कम वाटतं. पण बटणाचा पट्टा नेमका धारेच्या वाटेत येतो. सुरा काढताना धार त्याला चाटून जाते. चौथ्या दिवशी पट्टा तुटला. कमरपट्ट्याचं घर इतकं खाली आहे की उकिडवं बसलं की मूठ बरगडीत घुसते आणि टोक जमिनीला टेकतं. आणि सर्वांत वाईट म्हणजे धारेच्या बाजूची शिवण उघडी आहे. प्लास्टिकची पट्टी पाठीकडं पूर्ण, धारेकडं अपुरी. सुरा आत-बाहेर करताना धार रोज थोडी थोडी ती शिवण कापत होती.

सोळाव्या दिवशी संध्याकाळी डाव्या हातानं म्यान मुठीत धरलं, चार बोटं धारेच्या बाजूला वळलेली, आणि उजव्या हातानं सुरा ओढला. शिवण आतून तीन इंच उसवलेली होती. बाहेर धुळीचा थर बसलेला, त्यामुळं ती दिसलीच नाही. पातं बाहेर आलं आणि मधल्या बोटाच्या बुडाशी कापलं. प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. आठवडाभर डावा हात बंद, आणि तोच आठवडा कामाचा होता.

माझं मत आता पक्कं झालंय. धारेचं कानशीनं भागवता आलं, लेप झिजून गेला, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळली. म्यानाचं मात्र काही भागवता येत नाही. ज्या सुऱ्याचं म्यान धार अडवत नाही तो सुरा घरात, वावरात, पोरांच्या हाताजवळ ठेवण्यालायक नाही, पोलाद कितीही चांगलं असो.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, गावात बनवता येईल असं म्यान कोणी केलंय का? दोन, हा सुरा पाजवताना लोहाराकडं मशीनवर द्यावा की कानसच चालू ठेवावी?

---

भात्याजवळ (मूर्तिजापूर)

भाऊ, बोट बरं होऊ द्या आधी, टाके ओले करू नका.

मशीनवर अजिबात देऊ नका. माझे वडील लोहार. त्यांच्या हातून शेकडो इळे, कुऱ्हाडी, कोयते गेले आहेत. हातमशीनचं चाक एका जागी दोन-चार सेकंद जास्त टेकलं तर धार निळी पडते. पोलाद निळं पडलं म्हणजे तिथलं तापमान तीनशे अंशांच्या आसपास गेलं आणि पाणी उतरलं, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला. मग ती जागा कितीही पाजवा, चार घावांत बसते. तुमची वाळलेल्या बाभळीवर जिथं धार वळली ती जागा पाहा. तिथं पुन्हा पुन्हा वळत असेल तर कारखान्यातच मशीनवर तापली असेल. कानशीनं एखाद मिलिमीटर खाली गेलात की बहुधा चांगलं पोलाद लागेल.

कानशीची साधी परीक्षा : नवी कानस धारेवर हलकी फिरवा. काचेवरून गेल्यासारखी घसरली तर पातं फार कडक, गोट्यावर आपटलं की तुकडा उडेल. लोण्यासारखी चावली तर फार नरम. किंचित घसरत, थोडं दाबलं की धरत असेल तर तोडायच्या हत्याराला तेच योग्य.

बाबांच्या पद्धतीचंही सांगतो. आमच्याकडं कोयता ट्रकच्या कमानपाट्यातून निघतो. आपल्या गाड्यांच्या पाट्यांना बरेचदा ईएन-४५ जातीचं पोलाद असतं, त्यात कार्बन अर्धा टक्क्याच्या थोडा वर आणि सिलिकॉन जास्त. तुमच्या १०७५ पेक्षा कार्बन कमी, म्हणून धार थोडी लवकर जाते, पण मार जास्त सोसतं. बाबा पातं लाल करून त्याला चुंबक लावतात. चुंबक चिकटायचं थांबलं की आणखी थोडं तापवून तेलात बुडवतात. पाण्यात नाही, पाण्यात तडा जायची भीती. तेलातून निघालेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. मग ते घासून चकचकीत करायचं आणि पाठीकडून मंद आच द्यायची. रंग पाठीवरून धारेकडं सरकत येतो. पाठ निळी झाली आणि धारेवर गवती पिवळा आला की लगेच थांबवायचं. पाठ लवचीक, धार कडक. अंधाऱ्या भात्यात बसून तो पिवळा रंग ओळखणं हीच सगळी विद्या.

पाट्याचा कोयता आमच्याकडून नेला तर तुमच्या सुऱ्याच्या निम्म्या पैशांत होतो. मूठ मात्र तुमची तुम्हाला बसवावी लागेल. बाबा फक्त कडी ठोकून देतात, दांडा वाढईकडून.

---

जवसाचं_फूल (आर्वी)

धुऱ्यावरची_बाभूळ दादा, छान लिहिलंत. एक विचारायचं आहे. आमच्याकडं बोराट्या गोळा करायचं, बांधायचं काम जास्त करून बायाच करतात. ६४० ग्रॅम ऐकायला कमी वाटतं, पण तोल पुढं असलेलं ६४० ग्रॅमचं हत्यार दोन तास चालवलं तर मनगटाचं काय होतं? मी कुऱ्हाड चालवते, पण ती दोन हातांनी धरते. हा एका हातानं चालवायचा. आणि मूठ जाड आहे का? बहुतेक हत्यारांच्या मुठी पुरुषांच्या पंजासाठी केलेल्या असतात. आपली बोटं तळहाताला पुरत नाहीत, म्हणून घट्ट धरावं लागतं आणि लवकर थकायला होतं.

---

धुऱ्यावरची_बाभूळ (पांढरकवडा)

ताई, तुम्ही विचारल्यावर पुन्हा मोजलं. मुठीचा घेर सगळ्यात जाड जागी ११ सेंटीमीटर आहे. ट्यूब गुंडाळल्यावर आणखी वाढला. माझ्या बायकोनं सुरा चालवून पाहिला. अर्ध्या तासानं तिनं खाली ठेवला, हात कोपरापासून दुखायला लागला. तिचं म्हणणं अगदी तुमच्यासारखंच, की मूठ पकडून ठेवण्यातच ताकद जाते. आम्ही ट्यूब काढून टाकली आणि रबर थोडं घासून कमी केलं, तरी तिला तो जडच वाटतो. तुमच्यासाठी आठ इंची, चारशे ग्रॅमच्या आतलं पातं बरं. अंगठ्याएवढ्या फांदीला तेवढं पुरे.

भात्याजवळ भाऊ, बाभळीवर धार वळली तीच जागा दुसऱ्यांदा वळली होती. तुम्ही लिहिलंत त्याच्याशी जुळतं. आता तिथं कानस जास्त घालतो. बाबांना माझा नमस्कार सांगा.

---

वैनगंगेकाठी (आरमोरी, गडचिरोली)

तुमचा अनुभव वाचला. आमच्याकडं गोष्ट वेगळी, आमच्याकडं बांबू.

५ मिलिमीटर जाड पातं बांबूला उभं चिरायला कामाचं नाही असं माझं मत. बांबू चिरायला पातळ पातं लागतं. ते एका पेरातून घातलं की पुढं आपसूक चीर धावते. जाड पातं चीर वाकडी नेतं आणि एक बाजू पातळ होत जाते. बुरुडांची हत्यारं पाहा, पातं पातळ आणि रुंद. आडवा तोडायला मात्र जाड, जड पातं चांगलं, एका तिरक्या घावात बांबू येतो.

बांबू तोडताना एक सवय लावून घ्या. जमिनीपासून पहिल्या-दुसऱ्या पेराच्या अगदी वर तोडायचा. खाली पोकळ पेला राहिला तर त्यात पाणी साचतं, बुंधा कुजतो आणि बेट खराब होतं. कोवळा बांबू तोडायचा नाही. तीन वर्षांचा झाला की त्याची हिरवळ फिकी पडते आणि ठोकल्यावर आवाज भरीव येतो. पावसाळ्यात तर हातच लावायचा नाही, तेव्हा नवे कोंब येत असतात.

आमच्या जिल्ह्यातले माडिया आदिवासी लहान कुऱ्हाड खांद्यावर अडकवून चालतात. पातं पाठीकडं, दांडा छातीवर. तिला म्यान लागत नाही. तुमच्या सुऱ्याला ते जमणार नाही, त्याला दांडाच नाही. म्हणजे म्यानाशिवाय त्याला जागाच नाही. तुमचं म्हणणं बरोबर आहे.

आणि हो, स्वतःच्या वावरातला बांबू तोडायला आता वनखात्याचा पास लागत नाही. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि वनाबाहेर वाढलेला बांबू 'झाडा'च्या व्याख्येतून काढला. त्याआधी वनातल्या बांबूसाठी आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावानं मोठा लढा दिला. २०११ मध्ये त्यांच्या ग्रामसभेला बांबूच्या वाहतुकीचे पास स्वतः द्यायचा अधिकार मिळाला. हे सांगतो कारण गावात अजूनही लोक स्वतःच्या बेटाला हात लावायला घाबरतात.

---

खरीप_रब्बी (दारव्हा)

मी थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका. १,८५० रुपयांत गावच्या लोहाराकडून दोन कोयते आणि एक इळा होतो. वर तुम्ही दीड तास कानस घासली, ट्यूब गुंडाळली, काढली, म्यान फाटलं, बोट कापलं. मग तो परवडला कुठं? आपल्याकडं पेरणीच्या तोंडावर एकेक रुपया बियाण्याला लागतो. जे काम कुऱ्हाड आणि इळ्यानं आजोबांनी केलं ते आपल्याकडूनही होतं. बाहेरचं काही घेण्याआधी गावच्या भात्यावर जाऊन यावं, एवढंच म्हणणं.

---

धुऱ्यावरची_बाभूळ (पांढरकवडा)

राग कशाचा भाऊ. पैशाचं तुमचं बरोबर आहे, आणि म्यानाचा हिशेब धरला तर जास्तच बरोबर. पण आमच्या गावचा भाता सहा वर्षांपूर्वी बंद झाला. लोहारकाका गेले, मुलगा नागपूरला वेल्डिंग करतो. घिसाडी, म्हणजे फिरते लोहार, येतात ते दिवाळीनंतर, दोन दिवस पाल ठोकून पुढं जातात. मे महिन्यात कोणी नसतं. मूर्तिजापूरचा भाता मला आज कळला. आधी कळला असता तर तिथंच गेलो असतो.

---

कोर्टाची_पायरी (नागपूर)

कायद्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण पातं १० इंच आणि रुंदी सव्वादोन इंच हे आकडे वाचून थांबलो.

शस्त्र कायदा १९५९ आणि त्याखालचे २०१६ चे नियम यांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे, कृपाण, खुकरी वगैरे एका गटात घातले आहेत. त्यातून घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं वगळली आहेत. म्हणून इळा, कोयता, कुऱ्हाड यांचा प्रश्न येत नाही. तुमचा सुरा शेतीसाठी घेतला, शेतीत वापरता, हे तुमच्या बाजूनं आहे. पण खोक्यावर त्याला सैनिकी नाव आणि चित्र असेल तर समोरच्याला ते शेतीचं अवजार वाटेलच असं नाही. बिल जपून ठेवा.

दुसरं, महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ च्या कलम ३७ खाली सण, निवडणूक, मोर्चा अशा काळात हत्यार घेऊन फिरायला बंदीचा आदेश निघतो. अशा दिवशी तो कमरेला लावून बाजारात किंवा एसटीत जाऊ नका. एरवीही प्रवासात म्यानात घालून, पोत्यात गुंडाळून, सामानाच्या तळाशी ठेवावा.

तिसरं तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, कारण तुम्ही टिपेश्वरजवळ आहात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम ३१ : मुख्य वन्यजीव रक्षक किंवा अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार घेऊन शिरता येत नाही. आणि त्या कायद्यातल्या हत्याराच्या व्याख्येत सुरासुद्धा आहे. गुरं शोधत गेलो होतो, कमरेला तसाच राहिला, हे कारण तिथं चालत नाही. धुऱ्यावरून पलीकडं पाय टाकायच्या आधी तो घरी ठेवा.

---

काटेसावर (पुसद)

कोर्टाची_पायरी यांनी चांगलं लिहिलं. त्यात माझी एक भर. स्वतःच्या वावरातला साग किंवा मोह तोडायलाही परवानगी लागते, १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्यानुसार. बोर-बाभळीच्या फांद्या छाटणं वेगळं.

आणि विनंती आहे, धुऱ्यावरची सगळी बोरं बुडापासून काढू नका. जून उजाडला की त्याच काट्यांत होले, बुलबुल घरटी करतात. कुंपणाला फांद्या लागतात, झाड लागत नाही. छाटलेलं बोर पुढच्या मे महिन्यापर्यंत पुन्हा फांद्या देतं. चांगल्या धारेच्या हत्याराचा एक फायदा हा की घाव स्वच्छ बसतो आणि झाडाची जखम लवकर भरते. बोथट इळ्यानं साल सोलली जाते.

---

आकडीवाला (राजापूर)

मी कोकणातला, पण हा विषय जवळचा. आमच्याकडं कोयती म्यानात ठेवायची पद्धतच नाही. कमरेला मागच्या बाजूला लाकडाची आकडी बांधतात, तिला कोयती अडकवायची. पातं उघडंच राहतं. तरी कापून घेणारे कमी, कारण पातं शरीरापासून लांब लोंबतं आणि काढताना हात फक्त मुठीला लागतो. तुमच्या अपघातात दुसरा हात म्यानावर होता, तिथंच गडबड झाली. म्यान कोणतंही घ्या, काढताना डावा हात वर तोंडाशी, पाठीच्या बाजूनं धरायचा, किंवा लावायचाच नाही. पोरांनाही हेच आधी शिकवा.

---

तुषार_संच (मेहकर)

म्यान गावात बनतं, मी केलंय, त्यामुळं हे जरा नीट लिहितो.

लागतं काय : ५० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, पातळ भिंतीचा. जुना असला तरी चालतो, फक्त चिरलेला नको. तुषार सिंचनाचा काळा पाइप घेऊ नका. तो वेगळ्या प्लास्टिकचा असतो, दाबून ठेवलेला आकार तसा धरत नाही. ५० चा पाइप चपटा केला की साधारण ७८ मिलिमीटर रुंद होतो. तुमचं पातं ५७ च्या आसपास, म्हणजे दोन्ही बाजूंना जागा उरते. पाइप पात्यापेक्षा दीड इंच लांब कापा.

पात्याच्या मापाची एक फळी तासून घ्या, पात्यापेक्षा मिलिमीटरभर जाड. सुरा स्वतः आत घालू नका, गरम पाइपातून ओढताना हात भाजतो आणि कापतोही. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळा, पाइप त्यात बुडवून ठेवा. काही मिनिटांत तो पोळीसारखा मऊ पडतो. फडक्यानं धरून काढा, फळी आत सरकवा, दोन पाट्यांमध्ये ठेवून वरून वजन द्या. थंड होईपर्यंत हलवायचं नाही. चुलीच्या जाळावर तापवू नका. पीव्हीसी जळाला की त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो, घसा आणि डोळे धरतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या म्यानाला धारेच्या बाजूला शिवणच नसते. पाइप अखंड असतो, धार जिथं टेकते तिथं घडी असते. तुमचं नायलॉन जिथं उसवलं तिथं इथं उसवायला काही नाही. तरी त्या घडीच्या आतून जुन्या टायरची बोटभर रुंद पट्टी चिकटवा, म्हणजे धार प्लास्टिकला न लागता रबराला लागते आणि बोथटही होत नाही.

खालचं टोक पूर्ण बंद करू नका. एका कोपऱ्यात करंगळीएवढं भोक ठेवा, पाणी आणि माती तिथून गळते. तोंड पुन्हा उकळत्या पाण्यात बुडवून थोडं बाहेर वळवा, म्हणजे सुरा न पाहता आत जातो. कमरपट्ट्यासाठी जुन्या चामडी पट्ट्याचा तुकडा दोन रिबिटांनी बसवा. पण तो वरच्या तोंडाच्याही वर चार बोटं उंच राहू द्या, म्हणजे सुरा मांडीवर लोंबेल आणि बसताना बरगडीत घुसणार नाही. रिबिटा पाठीच्या बाजूला ठेवा, धारेच्या नको. बटणाऐवजी मुठीवरून सायकल ट्यूबचा एक वळसा पुरतो, तो धारेच्या वाटेत येतच नाही.

---

जवसाचं_फूल (आर्वी)

तुषार_संच दादा, हे वाचून मी आमच्या घरच्या कुऱ्हाडीच्या पात्याला असंच झाकण करणार आहे. मोटारसायकलवर मागं बांधून नेतात, दरवेळी जीव वर येतो.

---

धुऱ्यावरची_बाभूळ (पांढरकवडा)

मंडळी, बारा दिवसांनी परत आलो. टाके निघाले, बोट पूर्ण वळतं.

आधी वाईट बातमी. मृगाचा पहिला पाऊस अचानक आला, आणि सुरा जुन्या नायलॉनच्या म्यानात तसाच राहिला. दोन दिवसांनी काढला तर धारेवर तांबूस गंज आणि पोटाशी निळे-काळे डाग. गंज पाण्याचा. निळे डाग बाभळीच्या सालीचे असावेत, सालीतलं टॅनिन लोखंडाला लागलं की तसाच रंग येतो. नायलॉनचं कापड पाणी धरून ठेवतं आणि आत वारा जात नाही, म्हणजे पातं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यासारखंच झालं. राख आणि रॉकेलनं घासला, वरचा गंज निघाला. धारेवर मात्र दोन बारीक खड्डे राहिले, ते कानशीनंच जातील.

आता पाइपाचं म्यान. पहिला प्रयत्न फसला. फळी पात्याएवढीच जाड घेतली होती, सुरा इतका घट्ट बसला की दोघांनी ओढून काढावा लागला. दुसऱ्यांदा फळी मिलिमीटरभर जाड तासली, अगदी तुम्ही लिहिल्याप्रमाणे, आणि बरोबर बसला. टायरची पट्टी चिकटवली. उलटं करून हलवलं तर ट्यूबच्या वळशाशिवायही सुरा चटकन पडत नाही, अर्धा इंच सरकून थांबतो. कमरपट्ट्याचा तुकडा वर घेतला, आता उकिडवं बसता येतं. आठ दिवसांत दीडशेदा तरी आत-बाहेर केला असेल. आज म्यान उजेडात धरून आत पाहिलं. रबरावर एक बारीक रेघ आहे, प्लास्टिकला काही नाही.

काकांनी ते पाहिलं आणि त्यांच्या इळ्यासाठीही मागितलं. इळ्याचा वाक पाइपात कसा बसवायचा ते मला सुचत नाही. तुषार_संच भाऊ, फळी वाकाची तासली तर पाइप त्या वाकाला धरेल का, की दोन तुकड्यांत करून रिबिटांनी जोडावं लागेल?

---

तुषार_संच (मेहकर)

इळ्याला पाइप नको. इळ्याच्या धारेला दाते असतात, ते आत-बाहेर करताना प्लास्टिक किसून काढतील. ठिबकची जुनी १६ मिलिमीटरची नळी घ्या, एका बाजूनं उभी चिरा आणि धारेवर सरकवून बसवा. ती वाकाबरोबर वळते. दोन्ही टोकांना दोरी बांधायची. काढायला लागेल तेव्हा टोकाकडून सोलत मुठीकडं यायचं, उलट नाही, म्हणजे हात धारेच्या पुढं जात नाही. एक हात नळी एका इळ्याला पुरते. तुमच्याकडं ठिबक नसेल तर सांगा, माझ्याकडं मागच्या वर्षीचं भेंडोळं पडलं आहे, पुसदकडं येणं होतं तेव्हा घेऊन येतो.